दिवसाचे दहा हजार कशाचे?

पुण्यात महिना लाखभर पगार घेणारा प्रोग्रॅमर नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झाला की दिवसाचे दहा हजार मागतो. ग्राहक चमकतो. पगाराच्या हिशेबाने तर दिवसाला साडेचार हजारच पडायचे! मग दर दुपटीहून जास्त का?

वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार वगळले की उरतात २६१. सणवार, रजा, आजारपणाचे ३१ काढा, राहिले २३०. त्यातले ८० तरी नवी कामं मिळवणं, कोटेशन, हिशेब आणि नवं शिकणं यांत जातात. रिक्षाच्या भाड्यात रिकामी फेरीही धरलेली असते, तसंच हे. बिल लागतं ते १५० दिवसांचंच. पगाराइतके १२ लाख. वर पीएफ, विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे ३ लाख धरू. १५ लाखांना १५० ने भागा: दिवसाला दहा हजार.

हा दर टिकवतो तो करार. ‘लॉगिन, बिलिंग, स्टॉक हे तीन भाग, प्रत्येकी दोन दुरुस्त्या, पुढच्या बदलांचे पैसे वेगळे’ इतकं स्पष्ट लिहिलं की फुकटची कामं वाढत नाहीत. आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने बिल यांमुळे पैसे बुडण्याचा धोका विभागला जातो. कोडचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच ग्राहकाकडे जातील, हेही लिहावं.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु व्यावसायिकाला २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. म्हणून पहिलं काम घेण्याआधीच नोंदणी करा आणि करार लेखीच करा.