चौकातील सिग्नलचा हिशेब

व्यापारी बांधवांनो, चौकात कोंडी झाली की गिऱ्हाईक दुकानासमोरून जाते, पण थांबत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की वर्ध्याचा बजाज चौक असो की हिंगणघाटचा नंदोरी चौक, हा अनुभव नवा नाही. लगेच मागणी होते ती रस्ता रुंद करण्याची. त्यात दुकानेच जातात. त्याआधी सिग्नलचा हिशेब तपासावा.

कापडवाल्याला हा हिशेब सहज कळेल. थानाचे तुकडे जितके लहान, तितक्या चिंध्या जास्त. सिग्नल बदलताना दर वेळी सुमारे ४ सेकंद वाया जातात. फेरी फार छोटी ठेवली तर चिंध्याच वाढतात, फार लांब ठेवली तर समोर रिकामा रस्ता हिरवा आणि आपण उभे.

१९५८ साली इंग्लंडमध्ये वेबस्टर यांनी याचे सूत्र मांडले. समजा, समोरासमोरच्या बाजू एकत्र सुटतात. सतत हिरवा असता तर मोठ्या रस्त्याच्या एका बाजूने तासाला १८०० गाड्या निघतील आणि प्रत्यक्षात ९०० येतात, तर भार ०.५. आडव्या रस्त्याचा भार ०.३. बेरीज ०.८, ती १ मधून वजा केली की उरतात ०.२. दोन बदलांत वाया गेलेले ८ सेकंद दीडपट करून ५ मिळवा, झाले १७. १७ ला ०.२ ने भागा : फेरी ८५ सेकंदांची. हिरव्याचे ७७ सेकंद ५ : ३ प्रमाणे वाटले की ४८ आणि २९.

दुपारी एकूण भार ०.५ वर आला, तर हीच फेरी ३४ सेकंदांची पुरते. म्हणजे दिवसभर एकच वेळ लावणे चूक आहे. मोठ्या शहरांत गाड्या मोजून आपोआप वेळ बदलणारी यंत्रणा असते. आपल्या गावाला दुपार, संध्याकाळ व बाजारदिवस यांचे वेगळे वेळ लावले तरी पुष्कळ फरक पडेल.

मात्र एक दोष आपलाही आहे. सिग्नलजवळ माल उतरवणारा टेम्पो अर्धा रस्ता अडवतो, तेव्हा १८०० चे ९०० होतात आणि कोणतेच सूत्र चालत नाही. माल सकाळी लवकर उतरवावा. बाजारदिवशी संध्याकाळी चार जणांनी चार बाजूंच्या गाड्या तासभर मोजाव्यात. ट्रक जास्त व दुचाकी कमी धरावी. तो कागद नगरपालिका व वाहतूक पोलिसांकडे द्यावा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांचे वजन जास्त असते.