जीवशास्त्राचा पेपर झाला, निकाल यायचा आहे



कारखान्याचा पट्टा पडला, फड मोकळे झाले, की आपल्याकडे घरोघरी दुसरी वाट पाहणे सुरू होते. ज्या घरात बारावी सायन्सचा मुलगा किंवा मुलगी आहे आणि जीवशास्त्र घेतलेले आहे, तिथे मे-जूनचे दिवस फार जड जातात. आडसाली लागणीची मशागत, बेणे, खत आणि पोरांची फी हे सारे एकाच तोंडाला येते. फलटण भागातील बरेच सभासद गट ऑफिसात येऊन विचारतात, "पोरगं म्हणतंय ऐंशी पडले, मग डॉक्टर होईल का?" ऐंशी कशाचे, हे बापाला ठाऊक नसते आणि पोरगेही नीट सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे निकाल एक नसून तीन आहेत. बारावीचा निकाल बोर्डाचा. आपला सातारा जिल्हा आणि शेजारचा सांगली जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतो. तिथे जीवशास्त्र लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. दुसरी राज्याची सीईटी, जिच्यावर फार्मसी आणि कृषी पदवीचे प्रवेश होत आले आहेत. तिसरी देशभराची नीट. ही एमबीबीएस, दंतवैद्यक व आयुर्वेदासाठी. पूर्वी बारावीच्या गुणांवरच मेडिकलला नंबर लागत असे, ते दिवस केव्हाच गेले. २०१७ पासून आपल्या राज्यातील एमबीबीएसचे प्रवेश नीटवरच आहेत. बोर्डात जीवशास्त्राला ९५ पडले म्हणून पेढे जरूर वाटावेत, पण त्या ९५ वर मेडिकलची जागा मिळत नाही.

आता ते "ऐंशी". सीईटीत जीवशास्त्र गटाचा पेपर २०० गुणांचा, त्यात निम्मे १०० प्रश्न जीवशास्त्राचे, चुकीला गुण कापत नाहीत. परंतु परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते आणि प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा. एखाद्या पाळीला सोपा, एखादीला अवघड. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. नोव्हेंबरात तुटलेल्या उसाचा उतारा आणि फेब्रुवारीत तुटलेल्या उसाचा उतारा एका मापाने तोलून शेतकरी चांगला की वाईट ठरवता येईल काय? नाही. पण एकाच पंधरवड्यात तुटलेल्या हजार फडांत तुमचा फड कितवा, हे पाहिले तर बराच न्याय होतो. पर्सेन्टाइल म्हणजे हेच. तुमच्या मुलाच्या पाळीत हजार मुले बसली आणि त्यांतली ८२० त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळवणारी निघाली, तर त्याचे पर्सेन्टाइल ८२. त्याला शंभरात ८२ गुण पडले असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. आणि राज्यात समजा दोन लाख मुले बसली असतील, तर ८२ वाल्याच्या पुढे सुमारे ३६ हजार उभी आहेत. हे ऐकले की बाप गप्प होतो, पण आधी कळलेले बरे.

नीटचा हिशोब निराळा. कागदावरची, सर्वांना एकच पेपर असलेली परीक्षा. २०२५ मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, सरळ निम्मे. ज्याचे जीवशास्त्र पक्के त्याचा पाया पक्का, असे मास्तर म्हणतात ते यासाठी. मात्र नुसत्या गुणांवरून अंदाज बांधू नये. २०२४ साली परीक्षा ५ मे रोजी झाली, निकाल १४ जूनला यायचा तो ४ जूनलाच लागला, आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडल्याचे दिसले. वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते वाढीव गुण रद्द झाले, त्या मुलांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली. पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरली होती, तेही आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत घेऊन दुरुस्त झाले. त्या एका प्रश्नापायी सुमारे चार लाख मुलांचे पाच-पाच गुण गेले. चार मिळालेले गेले, एक वजा झाला. पेपरफुटीच्या तक्रारींवरून सबंध परीक्षा रद्द करण्याची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही. २६ जुलैच्या अंतिम निकालात पूर्ण गुणवाले १७ उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, पेपर असा अवघड निघाला की देशात पहिल्याला ६८६ पडले आणि खुल्या गटाची पात्रतेची रेघ १६२ वरून १४४ वर आली. म्हणजे शेजारच्या पोराला गेल्या साली अमुक गुणांवर जागा मिळाली, तर आपल्यालाही मिळेल, हा हिशोब चुकतो. गुण बाजूला ठेवून रँक पाहावी.

आणखी एक शब्द फसवा आहे, तो "क्वालिफाय". २०२४ ला तेरा लाखांवर मुले पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सुमारे एक लाख दहा हजार. पात्र झाला म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली, इतकेच. नेमक्या याच मुलांच्या घरी एजंटाचे फोन येतात. "तुमचे नाव यादीत आहे, ॲडव्हान्स भरा, सीट पक्की." प्रवेश फेऱ्या सरकारी यंत्रणेकडून होतात, शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या. त्यात मधला माणूस बसतच नाही. उसाच्या बिलाचे पैसे कोणाच्या हातावर रोख ठेवू नयेत. तसेच निकालाआधीच लातूर-कोट्याच्या "रिपीटर बॅच"ची फी भरण्याची घाई आम्हाला पटत नाही. रँक हाती येऊ द्या, मग घरी बसून ठरवा.

वाट पाहताना मुलांनी काय करावे? नीटची तात्पुरती उत्तरतालिका निकालाआधी जाहीर होते. आपली उत्तरे ताडून पाहावीत, एखादे चूक वाटले तर हरकत घेता येते. २०२५ ला प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये भरावे लागले, तेव्हा पुस्तकात आधार सापडला तरच घ्यावी. बोर्डाच्या गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, तिच्यावाचून पुनर्मूल्यांकन होत नाही.

आणि जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकीच, असे कोणी सांगितले? आपल्या फलटण तालुक्यातच पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ कोइमतूरची, पण आपल्या रानात ती पाडेगावच्या चाचण्यांतून आली. फलटणलाच बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली निंबकर कृषी संशोधन संस्था करडईच्या वाणांवर काम करीत आली. ही सगळी जीवशास्त्राचीच कामे, आणि कृषी पदवीला नीट लागत नाही.

शेवटी कागदपत्रांचे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यांतले जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका आणि मुदत तपासा. निकाल लागल्यावर तहसील कचेरीत रांग लागते, आणि जात वैधता समितीकडून प्रमाणपत्र यायला तर वेळ लागतोच. सर्व दाखल्यांवरचे नाव दहावीच्या दाखल्याप्रमाणे हवे. "पांडुरंग"चा कुठे "पांडूरंग" झाला असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.