कार्बन नेमका कुठला?

सकाळी ८. रात्री ५५० अंशांवर लावलेली भट्टी उघडते. आत तंतुमय सिलिकाची भुकटी. ती पांढरीशुभ्रच हवी. राखाडी झाक दिसली की समजायचं, साच्यासाठी वापरलेला सर्फॅक्टंट पुरता जळला नाही, त्याचा कार्बन आत उरलाय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा एकेक कण बाभळीच्या फुलासारखा दिसतो. विवेक पोलशेट्टीवार यांनी २०१० मध्ये ही सिलिका मांडली. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये त्यांच्या गटानं तिच्यावर सोन्याचे नॅनोकण बसवून ‘काळं सोनं’ केलं आणि त्याच्या मदतीनं कार्बन डायऑक्साइडचा (सीओटूचा) मिथेनही केला. तंतूंमधल्या फटींतून वायू सहज आत शिरतो, ही तिची खरी खुबी.

१०. सीओटू पकडायचं काम. अमाइन बसवलेला नमुना टीजीएमध्ये, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणाऱ्या यंत्रात, ठेवते. ७५ अंशांवर सीओटू सोडला की वजन चढतं. नायट्रोजनमध्ये १०५ अंशांपर्यंत तापवलं की उतरतं. पहिल्या फेरीचा आकडा नेहमीच देखणा असतो. पण धुराड्यातला सीओटू पुन्हा पुन्हा पकडायचा आहे, तेव्हा मी बघते ती शेवटची फेरी.

१. डबा.

२. आता सीओटूचा मिथेन करायचं काम. निकेलचे नॅनोकण बसवलेली भुकटी नळीत भरते. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासते. हायड्रोजनशी हयगय चालत नाही. सीओटूच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार, आणि हाती मिथेन व पाणी. साबातिए आणि सेंदरेन्स यांनी १९०२ मध्येच दाखवलेली ही अभिक्रिया. यात निम्मा हायड्रोजन पाण्यात जातो. तो नैसर्गिक वायूपासूनच बनवलेला असेल, तर पुन्हा मिथेन करण्यात काय हशील?

४. ब्लँक. माझ्या लेखी दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम. तेच तापमान, तोच हायड्रोजन, फक्त सीओटूच्या जागी हीलियम. तरीही मिथेन आला, तर तो भुकटीत दडलेल्या कार्बनचा. उत्पादन अगदी थोडं असतं तिथे एवढीशी घाणही खोटं यश दाखवते. पक्का पुरावा म्हणजे कार्बन-१३चा सीओटू : साधा मिथेन मास स्पेक्ट्रोमीटरवर १६ला दिसतो, त्यापासून झालेला १७ला दिसायला हवा. १७ला पाण्याचा तुकडाही येतो, म्हणून पाणी आधी वेगळं काढायचं. कार्बन-१३चा सीओटू महाग, त्यामुळे चाचणी पुढे ढकलायचा मोह होतो. पण तिच्याशिवाय ‘सीओटूपासून इंधन’ असं कुणी लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

६.३०. ब्लँकच्या आलेखात मिथेनचं बारीक पीक आहे. दुपारचे आकडे वहीत उतरवून शेजारी शेरा मारते : ‘ब्लँक स्वच्छ नाही, आकडे वापरू नयेत.’ भुकटी पुन्हा हवेत तापायला लावते. उद्या निकेलचं क्षपण झालं की आधी हीलियम, मग सीओटू.