मांजर तेच, शिंका नव्या

मंडळी, दहा वर्षे मांडीवर निजणारे मांजर पन्नाशीत एकाएकी कसे बाधेल, असे पुष्कळांना वाटते. पण बाधते! अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. ती कोणत्याही वयात जडते. शरीर निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजू लागते. मग शिंका, डोळ्यांना खाज, कधी धाप.

दोष केसांचा नव्हे बरे का. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकटपणात एक प्रथिन असते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. म्हणूनच मांजर हाकलले तरी घर निवळायला कित्येक महिने लागतात. शिवाय कणगीतल्या उंदरांचे काय, तेही आहेच!

तेव्हा आधी त्याला अंथरुणावर येऊ देऊ नका; रात्री पडवीत ठेवा. कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मांजराला हात लावलात तर तो धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. डॉक्टरांना विचारून सेटिरिझिनसारखी गोळी किंवा नाकात मारायचा फवारा घ्या. पुष्कळांना तेवढ्याने उतार पडतो. छातीत घरघर होत असेल, धाप लागत असेल, तर मात्र काढ्यावर दिवस काढू नका. तो दमा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.