पायीं पाहावयाची बारामती

गांवांतून जाणें आणि गांव पाहणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुण्याहून मोटारीनें बारामतीस येणारा पाहुणा रुंद रस्ते, कारखाने व विद्यालयें पाहतो, गांव फार सुधारलें असें म्हणतो आणि परत फिरतो. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ज्या बारामतीचें नांव मराठी वाङ्मयांत अढळ झालें, ती त्याच्या दृष्टीस पडलेलीच नसते. ती कऱ्हेच्या कांठीं, जुन्या वस्तींत आहे, आणि ती पायींच पाहावी लागते. त्यासाठीं वाचकांनीं मुलांबाळांसह हिवाळ्यांतील एक सकाळ राखून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

आरंभ सिद्धेश्वराच्या दर्शनानें करावा. तेथून जवळच बाबूजी नाईक जोशी यांचा वाडा आहे. नाईक हे मोठे सावकार. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही त्यांच्या घरीं दिलेली. आणि खुद्द पेशवेही या व्याह्यांचे ऋणको होते. १७४० त बाजीराव निवर्तले तेव्हां रघूजी भोसल्यांनीं पेशवेपदासाठीं बाबूजींचें नांव पुढें केलें. परंतु शाहूमहाराजांनीं वस्त्रें नानासाहेबांस दिलीं. ही हकीकत मुलांस पुस्तकांतून सांगितली तर ती विसरतात. वाड्याच्या भिंतीशीं उभें राहून सांगितली तर विसरत नाहींत, असा आमचा शिक्षकाच्या पेशांतील अनुभव आहे.

नाइकांस पेशवाई मिळाली नाहीं. पण त्यांच्या आश्रयानें या गांवास जें मिळालें तें अधिक टिकलें. मोरेश्वर रामजी पराडकर, म्हणजेच आपले मोरोपंत, १७२९ त पन्हाळ्यास जन्मले. तेथें केशव व गणेश पाध्ये या बंधूंपाशीं त्यांचें संस्कृत अध्ययन झालें, आणि पुढें ते नाइकांकडे पुराणिक म्हणून बारामतीस आले. १७९४ त देह ठेवीपर्यंत हेंच त्यांचें गांव होतें. आर्याभारत, केकावली आणि अष्टोत्तरशत रामायणें रचणारा कवि याच गल्ल्यांतून कऱ्हेवर स्नानास जात असेल, हें मनांत आणून दहा पावलें चालावें. मग वाट निराळी वाटूं लागते.

येथें क्षणभर बसून मुलांस एक कोडें घालावें. पंतांचें एक रामायण 'निरोष्ठ' आहे, म्हणजे ज्यांच्या उच्चारास ओंठ लागतात असे वर्ण त्यांत वर्ज्य आहेत. मग त्यांत 'राम' हें नांव कसें आलें असेल? मुलें आपल्या ओंठांवर बोट ठेवून अक्षरें तपासूं लागतात, आणि 'म' हा ओष्ठ्य असल्याचें ध्यानीं येतांच चकित होतात. ज्याचें चरित्र गावयाचें त्याचेंच नांव घ्यावयाचें नाहीं! संस्कृताचें केवढें भांडार पाठीशीं असावें लागतें, हें त्यांस न सांगतां कळतें.

ज्यांस सवड असेल त्यांनीं पुढें सुमारें पन्नास किलोमीटरवरील इंदापूरही पाहावें. शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे येथील रणांत पडले. त्यांच्या गढीची जागा गांवांत दाखवितात. इंदापूर ही शहाजीराजांच्या जहागिरीचाही भाग होती. दुसरी गोष्ट घरांतील दप्तराची. पूर्वींचे सरकारी दर डोईजड होऊन या तालुक्यांतील शेतें ओस पडूं लागलीं, तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीची खोली व पोत पाहून प्रती ठरविल्या, आणि १८३६ पासून तीस वर्षांचा सारा कायम केला. तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. आपल्या जमिनीच्या कागदांवरील 'सर्व्हे नंबरा'ची कथा अशी इंदापुरांतून निघते. तुकोबांची पालखीही बारामतीवरून याच मुलखांतून इंदापुरास व पुढें पंढरीस जाते. पायीं पाहण्याची परंपरा येथें कांहीं नवी नाहीं.

याच तालुक्यांतील पळसदेवाचें जुनें देऊळ उजनी धरणाच्या जलाशयांत गेलें; उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें पुन्हां दिसतें. स्मृतीचें मात्र तसें नाहीं. पूर्वीं घरोघरीं सायंकाळीं मुलांकडून आर्या म्हणवून घेत. ती चाल बहुतेक घरांतून गेली आहे. पडका वाडा दगडचुन्यानें सांवरतां येतो, पण त्यांत कोण राहत होतें हें वडिलांनीं सांगितलें नाहीं, तर सांवरलेल्या वाड्यास केवळ भिंतीच उरतात. म्हणून निघण्यापूर्वीं मुलांकडून पंतांची एखादी तरी आर्या पाठ करून घ्यावी, व ती कऱ्हेच्या कांठीं त्यांच्याच तोंडून ऐकावी.