‘नरकाच्या दारा’तून सायकलवर

आफ्रिकेतील राष्ट्रीय उद्यान म्हटले की छत उघडणारी गाडी, दुर्बिणी आणि चारचाकीच्या सावलीत निवांत पहुडलेला सिंह असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, हा या चित्रातील पहिला नियम. मसाई मारा असो वा अंबोसेली, ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर पर्यटकाला जमिनीवर उतरता येत नाही. ताडोबाला जाऊन आलेल्या कोणालाही हा नियम नवा वाटणार नाही.

त्याच केनियात नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला, एक उद्यान मात्र या नियमाला अपवाद आहे. हेल्स गेट, म्हणजे नरकाचे दार, हे त्याचे नाव. येथे पर्यटक भाड्याने सायकल घेतो, प्रवेशशुल्क भरतो आणि झेब्य्रांच्या कळपामधून पायडल मारत निघून जातो. सोबत वाटाड्या घेण्याची सक्ती नाही, बंदूकधारी रक्षकही नाही. पायी जायचे असेल तर तेही चालते.

हे कसे शक्य होते, याचे उत्तर उद्यानाच्या आकारात आणि तेथील प्राण्यांत आहे. १९८४ साली घोषित झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ ६८ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाहूनही कमी आहे. झेब्रा, जिराफ, निरनिराळी हरणे, रानडुकरे आणि बबून माकडे येथे भरपूर. बिबटे आहेत, पण ते सहसा दिसत नाहीत. हत्ती नाहीत आणि सिंह तर क्वचितच इकडे फिरकतो. गंमत अशी, की उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वाराला नाव आहे ते एका सिंहिणीचे, एल्साचे. जॉय अ‍ॅडमसन यांच्या ‘बॉर्न फ्री’ या पुस्तकामुळे जगाला माहीत झालेली ही सिंहीण. अ‍ॅडमसन यांचे घर जवळच, नैवाशाच्या काठी होते.

प्रवेशद्वारातून आत शिरताच डाव्या-उजव्या हातांना तांबूस कडे उभे राहतात आणि मधल्या सपाटीतून मातीचा रस्ता जातो. कड्यांच्या या फटीला १८८३ साली गुस्ताव फिशर आणि जोसेफ थॉमसन या युरोपीय प्रवाशांनी ‘नरकाचे दार’ म्हटले, असे सांगतात. त्यांपैकी जर्मन फिशर किनाऱ्यावरून व्हिक्टोरिया सरोवराकडे निघाला होता. मसाई योद्ध्यांनी येथेच त्याची वाट अडवली आणि त्याला परतावे लागले. रस्त्याकडेला एकटाच उभा असलेला सुमारे २५ मीटर उंचीचा सुळका आज त्याच्या नावाने ओळखला जातो. हा सुळका म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. मसाई मात्र त्यात सासरी निघालेली एक मुलगी पाहतात. मागे वळून बघू नकोस, असे बजावले असताना तिने वळून पाहिले आणि ती दगड झाली, अशी त्यांची कथा.

सायकलस्वाराने दोन गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्याही वर आहे. रस्ता सपाट दिसला तरी दम लवकर लागतो. दुसरी गोष्ट, गाडीला सरावलेला प्राणी माणसाला सरावलेला असतोच असे नाही. गाडी त्याच्या लेखी एक मोठी, निरुपद्रवी वस्तू असते; दोन पायांवर चालणारी आकृती मात्र पिढ्यानपिढ्या शिकाऱ्याची आहे. गाडीजवळ शांतपणे चरणारे हरीण पायी माणसाला पाहून बऱ्याच दुरूनच पळ काढते, ते यामुळेच. रानरेडा मात्र पळेलच याची खात्री नाही. कळपापासून सुटलेला म्हातारा नर झुडपात बसलेला असेल तर तो दिसण्याआधीच माणूस त्याच्या फार जवळ पोहोचलेला असतो. झुडपांतून आडवाटा न काढता उघड्या रस्त्यावर राहावे, असे सांगितले जाते ते त्याच्याकरिता.

इतरत्र पायी फिरण्याची परवानगी मिळते, ती बऱ्याच अटींसह. झांबियातील लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार यांनी पायी सफारीचा पायंडा पाडला. तेथे सशस्त्र रक्षक पुढे आणि पर्यटक एकामागून एक मागे, असे चालायचे असते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९७८ पासून पायवाटांच्या सहली निघतात, त्यात आठच माणसे आणि दोन बंदूकधारी मार्गदर्शक. या ठिकाणी सिंह आणि हत्ती दोन्ही असल्याने अटी रास्तच म्हणायला हव्यात. हेल्स गेटमध्ये ते भय नाही, म्हणून नियम सैल. पण येथे माणसे दगावली, ती वेगळ्याच कारणाने.

घळीतले पाणी

प्रवेशद्वारापासून सुमारे आठ किलोमीटरवर रस्ता ओल न्जोरोवा घळीच्या तोंडाशी येतो. येथे सायकल ठेवून खाली उतरायचे. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक पाण्याने हजारो वर्षे कापत नेला आणि ही घळ तयार झाली. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे, की एकामागे एक चालावे लागते. भिंतींतून मधूनच गरम पाणी पाझरते, कारण खालची जमीन अजून तप्त आहे. याच उष्णतेवर उद्यानाच्या हद्दीत ओल्कारिया येथे वीज तयार होते. पहिला संच १९८१ साली, म्हणजे उद्यान होण्याआधीच सुरू झाला होता. वाफेचे जाडजूड नळ, त्यांचा फुत्कार आणि पलीकडे चरणारे झेब्रे हे दृश्य निसर्गप्रेमींना खटकते. केनियाला मात्र त्यातून वीज मिळते.

घळीचे सौंदर्य असे, की चित्रपटवाल्यांनाही त्याचा मोह पडला. डिस्नेच्या ‘द लायन किंग’च्या चित्रकारांनी येथे येऊन रेखाटने केली होती. पण पाऊस आला की हीच घळ सापळा ठरते. पाऊस घळीवर पडलाच पाहिजे असेही नाही. वरच्या उतारांवर, नजरेआड तो कोसळतो, भुसभुशीत जमिनीवरून वाहत येतो आणि सगळा या एका चिंचोळ्या वाटेत शिरतो. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर ऊन असते आणि लोंढा वळणापलीकडे येऊन ठेपलेला असतो. पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नये, असे सह्याद्रीतले गावकरी का बजावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगायला नको.

एप्रिल २०१२ मध्ये चर्चच्या गटासोबत आलेले सात तरुण अशाच लोंढ्यात वाहून गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा सात जण मृत्युमुखी पडले. पहिली दुर्घटना केनियातील मोठ्या पावसाच्या काळातली होती. तो पाऊस मार्च ते मे दरम्यान पडतो. दुसरी मात्र सप्टेंबरची, म्हणजे दोन पावसाळ्यांच्या मधली. तेव्हा महिना पाहून निर्धास्त व्हावे अशी ही जागा नाही. या दुर्घटनेनंतर केनिया वन्यजीव सेवेने घळ पर्यटकांसाठी बंद केली होती. आपल्या भेटीच्या दिवशी खाली उतरू देतात का, हे एल्सा गेटवर विचारूनच सायकल पुढे हाकावी. नाही म्हणाले, तरी सपाटीवरचा रस्ता, कड्यांवर घरटी करणारी गिधाडे आणि फिशरचा सुळका यांत दिवस सहज जातो.

उतरू दिलेच, तर वाटाडा घ्यावा, दुपारचे ढग जमण्याआधी सकाळीच जाऊन यावे आणि वरच्या अंगाला आभाळ काळवंडताना दिसले वा पायाखालचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर लगेच बाहेर पडण्याच्या वाटेला लागावे. या वाटा मोजक्या असतात, त्या उतरतानाच पाहून ठेवाव्यात. २०१९ मध्ये वाहून गेलेल्यांत पर्यटकांसोबतचा स्थानिक वाटाड्याही होता.