पुणे–नागपूर: अंतर ६०४ किमी, मग विमानाला दीड तास का?

आजचा भाग एका फसलेल्या गणितावर आहे. गणित माझंच.

आजी नागपूरला हॉस्पिटलमध्ये होती. भेटायची वेळ संध्याकाळी साडेसातपर्यंत. माझं विमान पुण्याहून सहाचं. तिकिटावर पोचायची वेळ सातच्या पुढची होती, पण मला वाटलं, हे लोक उगाच वाढवून लिहितात. मी लॅपटॉप उघडला, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइन फॉर्म्युल्यात टाकले (पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरायची) आणि उत्तर आलं साधारण ६०४ किमी. रस्त्याने हेच सातशेच्या वर जातं. विमानाचा वेग ताशी ८०० धरला. बाबांना फोन केला, "पाऊण तासात नागपूर!"

अंतर बरोबर होतं. चुकला तो वेग.

बघा, दहा हजार फुटांच्या खाली विमानाला साधारण २५० नॉटचीच मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास. वर चढतानाही पूर्ण वेग लगेच मिळत नाही. आणि तीस हजार फुटांवरून उतरायचं तर दीडशे-दोनशे किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. चढण्यात जवळपास तेवढंच अंतर जातं. म्हणजे ६०४ पैकी पूर्ण वेगाने कापलं जाणारं अंतर निम्मंच उरलं! लांबच्या प्रवासात हे जाणवत नाही, छोट्या मार्गावर मात्र चांगलंच जाणवतं.

त्यात सरळ रेषाही आपल्या फॉर्म्युल्यातच. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम. नागपूर पूर्वेला, पण वारा पश्चिमेचा असेल तर उड्डाण पश्चिमेकडे करून मग वळायचं. शिवाय हा हवाई दलाचा तळ, लढाऊ विमानंही तीच धावपट्टी वापरतात, त्यामुळे कधी थांबावंही लागतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. म्हणून नागपूरला जाताना ते मागून ढकलतात आणि परतताना अडवतात.

आणि तिकिटावरची वेळ मुळात हवेतली नसतेच. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून पलीकडे पार्किंगमध्ये थांबेपर्यंत. टॅक्सी करणं, रांगेत उभं राहणं, सगळं त्यात येतं. थोडी वेळ राखीवही असते, तेवढं माझं म्हणणं बरोबर होतं. या मार्गावर हा आकडा साधारण सव्वा ते दीड तास.

माझं विमान सात पंचवीसला पार्किंगमध्ये थांबलं. अगदी वेळेवर, तिकिटाप्रमाणे. हॉस्पिटलच्या गेटवर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. बाबा बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेले.

"पाऊण तासाचं होतं ना रे विमान?"

आजी सकाळी भेटली. तिला मी हॅवरसाइन समजावला नाही. तिने विचारलं एवढंच, "जेवला होतास का काल?"